लंगडोबा

दर ओहोटीला ती खडकांवर उतरायची, कपारीतल्या डबक्यातले तारामासे मोजायची आणि किनाऱ्यावरचे जीव नोंदवणाऱ्या स्वयंसेवकांच्या वहीत लिहायची : सतरा. त्यातल्या चारच हातांच्या एकाला ती लाडानं लंगडोबा म्हणायची. डबक्याची जागा बाहेर कुणाला सांगायची नाही, हा नियम तिनं एकदाच मोडला होता, धाकट्या भावाच्या हट्टापायी.

आज डबकं रिकामं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा वहीत शून्य लिहून ती ओल्या पायांनीच भावाच्या नव्या घरी गेली, त्याच्याजवळ मन मोकळं करायला.

"ताई, शंभर वर्षं आयुष्य आहे तुला! आत्ता फोनच करणार होतो. आधी डोळे मीट बघू," म्हणत त्यानं तिला हात धरून दिवाणखान्यात नेलं. "हं, उघड आता!"



नव्याकोऱ्या फिशटँकसमोर तिचे ओठ सवयीनं मोजू लागले; लंगडोबाला धरून बरोबर सतरा भरले.