आधी चांगला पाय

"आई गं!" खो-खो संघाची कर्णधार हेमांगी कळवळली.

मी संघाची फिजिओ. घोट्याच्या ठरावीक जागी हाड दाबून दुखलं नाही आणि चार पावलं टाकता आली, तर फ्रॅक्चर सहसा नसतं, असं संशोधन सांगतं. पण आधी चांगला पाय दाबायचा, तुलनेसाठी. मी उजवाच दाबला होता. ही बाई लंगडत आली होती डाव्या पायाने.

"हेमांगी, खरं सांग."

तिने मान खाली घातली. "मॅडम, मी खेळले तर सारिका बाकावरच बसेल. तिचे पप्पा पहिल्यांदाच मॅच बघायला आलेत. आज ती मैदानात दिसली नाही, तर उद्यापासून तिचा सराव बंद."

तंबूबाहेरून प्रशिक्षक सर ओरडले, "काय निघालं?"

"मुरगळलाय! आज खेळायचं नाही," म्हणत मी तिच्या डाव्या पायाला पट्टी गुंडाळली.

सारिकाने सूर मारून पहिलाच गडी टिपला. टाळ्या वाजवत उठले ते तिचे पप्पा, आणि दोन्ही पायांवर उड्या मारत आमची जखमी कर्णधार!

"अगं, पाय!" मी दात आवळून म्हणाले.

हेमांगी लगेच लंगडायला लागली. उजव्या पायाने.