सांगणाऱ्यानं सांगितलं

बायको उठायच्या आत मिस्त्रींनी तिच्या बुटाचा सुटलेला तळ चिकटवून ठेवला आणि आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्यानं वर्तमानपत्र उघडून बसले.

तिनं बूट घातले. दोन पावलं टाकली, थांबली. खाली पाहिलं, मग मिस्त्रींकडे पाहिलं, आणि कामावर निघून गेली.

मिस्त्री खूश झाले. दिसलं होतं तिला.

त्यांचं सारं आयुष्य लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं. एकतीस वर्षांच्या संसारात घरी मात्र त्यांनी स्वतःचा कपसुद्धा कधी विसळला नव्हता. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता बायकोच्या हातचं गरम जेवू आणि निवांत पडू. तर तिच्या शिवणकारखान्यात नाताळच्या ऑर्डरींचा डोंगर. चर्चमध्ये गाणाऱ्यांचे झगे, शाळेतल्या नाटकाचे पोशाख. उजाडताच निघायची, दिवेलागणीला यायची. "काम फार आहे हो," एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. हल्ली तर रविवारीसुद्धा जायची.

"माझ्या घरात देवी आहे, पण दर्शनाची वेळ नाही," मिस्त्री शेजाऱ्याला सांगायचे. हसायचे, पण आतून जळफळाट व्हायचा.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, पहिल्या रविवारी ते एकटेच चर्चला गेले. फादरांच्या प्रवचनात मिस्त्रींची एक डुलकी ठरलेली असायची. त्या दिवशी बाकाचा पाय डुगडुगत होता, म्हणून झोप लागली नाही आणि प्रवचन कानावर पडलं.

"वेळ थोडा आहे," फादर म्हणत होते. "तुम्ही धावत राहाल आणि नाताळ येऊन निघून जाईल. देवाला लांब शोधू नका. ज्या माणसाबरोबर रोज जेवता त्याच्यात तो असतो. त्या माणसाला सांभाळा. आणि केलेलं बोलून दाखवू नका."

मिस्त्रींना ते लागलं. चार आठवडे करून तर बघू, त्यांनी ठरवलं. पण फादरांचं नाव काढायचं नाही. जन्मभर प्रवचनांची टिंगल केलेली. बायकोनं तेवढ्यावरून वर्षभर चिडवलं असतं.

पहिल्या दिवशी भांडी घासली. दोन फुटली. दुसऱ्या दिवशी तिच्या स्वेटरची बटणं लावली, एक उलटं. मग खिडकीची करकर थांबवली, तिच्या उशीला नवा अभ्रा घातला, बाजारातून लोकरीचे मोजे आणले. आणि नवल म्हणजे मिस्त्रींना दिसायला लागलं. जिना चढताना ती दोनदा थांबते हे दिसलं. स्वेटर तिच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबतो हे दिसलं. जेवताना ती अर्धं ताट त्यांच्याकडे सरकवते हेही दिसलं. एवढी वर्षं आपण आंधळेच होतो, ते स्वतःशी म्हणाले. कामानं वाळली बिचारी, आणि वर आपल्याला भरवते! हाच तर देव.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती आली तेव्हा मिस्त्री तिच्यासाठी सूप ढवळत उभे होते. ती दारातच थबकली.

"अहो, खरं सांगा. तुम्हाला कुणी काही सांगितलंय का?"

चोरी पकडल्यासारखे मिस्त्री गडबडले. "काय सांगणार?"

"एकतीस वर्षांत चहा केला नाहीत. उगाच नाही माणूस एवढा बदलत."

आता नाकबूल करण्यात अर्थ नव्हता. "सांगितलं खरं," ते पातेल्याकडे बघत म्हणाले. "सांगणाऱ्यानं सांगितलं."

ती स्टुलावर बसली. "कधी?"

"झाले पंधरा दिवस."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, वेळ थोडा आहे. सांभाळ तिला."

सूप उतू गेलं तरी दोघांचं लक्ष नव्हतं.

"आणि तुम्ही मला चकार शब्द बोलला नाहीत?"

"बोलू नको म्हणाले होते. आणि बोलायचं काय त्यात? करायचं असतं."

तिनं त्यांचा हात ओढून घेतला, तो तसाच, सुपानं चिकट झालेला, गालाला लावला आणि रडायला लागली. मिस्त्रींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. चार भांडी घासली तर माणूस इतकं सुखावतं! हे आधी कळलं असतं तर?

चौथ्या रविवारी ती कारखान्यात गेली नाही. दोघं मिळून चर्चला गेले. घरी आल्यावर मिस्त्रींनी चहा केला आणि गॅलरीतल्या उन्हात तिच्या शेजारी खुर्ची ओढली. इतकं शांत त्यांना कधी वाटलं नव्हतं. देव शेजारच्या खुर्चीत मोजे घालून बसला होता.

"पुढच्या नाताळात ही मरमर नको," ते म्हणाले. "सुट्टी काढ. कुठंतरी जाऊन येऊ."

ती हसली. "पुरे आता. आपल्या दोघांत सोंग कशाला?"

"बरं, नाही घेत सोंग," मिस्त्रीही हसले. फादरांचं बिंग बहुतेक फुटलं होतं.

"तुम्हाला कळलं ते एका परीनं बरंच झालं," ती म्हणाली. "कारखाना कारखाना म्हणून दवाखान्यात जाऊन बसायची, पण घरी आले की तोंडातून शब्द फुटायचा नाही." तिनं कप दोन्ही हातांत धरला. "डॉक्टर मला तीन महिने म्हणाले. तुम्हाला किती म्हणाले?"