येणं-जाणं
उत्तरेश्वर गोठ्यामागे फोनवर बोलत होता. ज्या बेटाच्या सरकारचा तो वकील, ते बेट पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशाच्या ताब्यात जाणार होतं आणि जुने विमान-करार संपणार होते. त्यानंतरही तिथं विमानं यावीत-जावीत म्हणून तो वर्षभर देशोदेशी घासाघीस करत होता. आज शेवटचा देश कबूल झाला. आनंद करायचंही त्राण उरलं नव्हतं. घरात आला तर बहिणीच्या लग्नाची बैठक उरकत आलेली. “आमच्यात सुनंला सारकं माहेरी धाडत न्हाईत,” परळीचे पाहुणे म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, त्यानंही डोलावली. बहिणीनं चहा देताना हळूच विचारलं, “दादा, जमलं का बेटाचं?” “जमलं. मालक बदलला तरी येणं-जाणं तुटत न्हाई.” “बरं हाय बेटाचं,” म्हणून ती आत गेली. मामांनी सुपारी फोडायला अडकित्ता उघडला. उत्तरेश्वरनं सुपारी उचलून मुठीत धरली. “थांबा मामा. पोरीच्या येण्या-जाण्याचं राह्यलं की.”