दशमीचा डबा

गंगापूर रोडच्या मांडवात काल्याचं कीर्तन रंगलं होतं. गवळ्यांच्या पोरांचं उष्टं देव कसा मिटक्या मारत खायचा, हे कीर्तनकार निकिताने इतकं गोड सांगितलं की बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. दहावीपर्यंत हर्षालीच्या डब्यात हक्काने हात घालणारी निकिता दोन वर्षांत मोबाइलवरून घरोघरी पोचली होती. हर्षाली नामपूरहून पहाटेच्या एसटीने आली होती, पिशवीत निकिताची आवडती दशमी आणि लसणाची चटणी घेऊन. दर्शनाच्या रांगेतून तासाभराने पुढे पोचताच तिने डबा उघडला. "निके, एक घास खा ना!" व्हिडिओ काढणाऱ्या माणसाकडे बघतच निकिता वाकली, तिच्या पायांना हात लावून म्हणाली, "रामकृष्णहरी, माउली. प्रसाद तिकडे ठेवा हं." मागून आवाज आला, "सरका ना ताई, सेल्फी घ्यायचाय!" हर्षालीने झाकण लावलं. "कीर्तन छान झालं तुमचं," ती म्हणाली.