हिरवट कढीचा प्रश्न

उंब्रजचे केरबा सर निवृत्तीनंतर ‘रसायनकट्टा’ संकेतस्थळावर लोकांचे प्रश्न तपासत. दिवसाला पाच तरी प्रश्न ‘विषयाबाहेरचे’ म्हणून बंद केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. आज एकच प्रश्न तिसऱ्यांदा उघडला होता: ‘कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं, कढी हिरवट झाली. खावी का?’ दोनदा त्यांनी ‘हे स्वयंपाकघर नव्हे’ असा शेरा मारून तो बंद केला. दोनदा कुणीतरी शब्द बदलून परत आणला. “सांगलीचा धनाजी मास्तरच हा. त्याचे प्रश्न मी बंद करतो म्हणून मला खिजवतोय,” सर पुटपुटले. या खेपेला फोटोही होता. चोर पकडायला सरांनी तो मोठा केला. पातेल्याच्या काठावर कोरलं होतं: ‘चि. केरबास लग्नानिमित्त, आत्याकडून.’ दारात सून उभी होती. “मामा, घरात इचारलं की तुमी म्हणता, मला शिकवू नको. ताट केलंय. कढी वाढू का नको, तेवढं तिथं लिवा.”