पाण्याची हाक

सत्यभामेच्या गळ्यात हार पडला, खांद्यावर शाल आली, मांडीवर नारळ बसला. बोलायची पाळी मात्र येईना.

व्याख्यान जाहीर होतं. विषय, ‘जगातील कुरणे आणि त्यांची तहान’. पाटोद्याच्या माळावरचं हे विद्यापीठ साऱ्या जगाचा विचार करायचं, त्यात समोरचा माळ तेवढा राहून जायचा. पाहुणे प्राध्यापक पडद्यावर मंगोलिया दाखवून झाले, केनिया दाखवून झाले. भाषण असं लांबलं, की पुढच्या रांगेतल्या एका प्राचार्यांची सकाळी केलेली दाढी म्हणे जागेवरच पुन्हा उगवली.

सत्यभामा समोरच्या सीलबंद पाण्याच्या बाटलीकडे बघत होती. बाहेर, भिंतीपलीकडं, नवरा आसाराम वैशाखाच्या उन्हात मेंढरं धरून उभा होता. कालपासून कळपाला पाणी नव्हतं. माळावरचं तळं विद्यापीठाच्या भिंतीच्या आत गेलं होतं. मागलं फाटक उघडायचा शब्द मिळावा, एवढ्यासाठी ती हा हार घालून घ्यायला आली होती.

शेवटी कुलसचिव सुंदररावांनी तिच्या हाती माईक दिला. कानाशी वाकून म्हणाले, “मावशी, दोनच मिनिटं. तळ्याचं काढू नका. आपली परंपरा सांगा.”

ती माईकातच बोलली, “सायेब, मेंढरं तहानली हायती. मागलं फाटक कावून बंद केलंय, तेवढं सांगा.”

सभागृहात चुळबुळ झाली. सुंदररावांनी हसत दुसरा माईक उचलला. “मावशी भावुक झाल्यात. ते आपण समितीपुढं ठेवू, मावशी. आता पाहुण्यांना तुमची ती हाक ऐकवा. मेंढरांना पाण्यावर बोलावता ती. लई गोड असते म्हणे!”

सत्यभामेच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

“ते गाणं न्हाई, सायेब. पाण्याची हाक हाय. पाणी समोर असल्याबिगर आमी ती देत न्हाई. एकदा का खोटी दिली, जित्राब जल्मात इस्वास ठेवत न्हाई.”

“अहो, इथं सभागृहात कुठं आलीत मेंढरं? द्या बिनधास्त!”

टाळ्या पडल्या. व्याख्यान जाहीर, म्हणून भिंतीवरचे भोंगे सुंदररावांनीच बाहेर तोंड करून बांधून घेतले होते. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी पुढलं फाटक सताड उघडं होतं. हे सुंदरराव विसरले होते. सत्यभामा विसरली नव्हती.

“देऊ? मग पाणी पाजावं लागंल.”

“पाजू की!” सुंदरराव म्हणाले. सभागृह हसलं.

तिनं हार काढून टेबलावर ठेवला, शेजारी नारळ ठेवला, आणि पोटातून हाक दिली. “हीऽऽयो, योऽ, योऽऽ!”

कुणी सांगतं, त्या हाकेनं परळीच्या वीजकेंद्राचा धूर घटकाभर वाकडा झाला. ते सोडा. मेंढरं मात्र आली. आसारामाला ढकलून, फाटकावरच्या पहारेकऱ्याला आडवं करून आली. इमारतीसमोर विद्यापीठाची शान होती: पाण्याच्या दाबावर तरंगत गरगर फिरणारा दगडी पृथ्वीगोल, त्यावर सगळे खंड कोरलेले. कळपानं त्याला वेढा घातला आणि खालच्या हौदातल्या पाण्यात तोंडं बुडवली.

“हाकला! हाकला त्यांना!” सुंदरराव ओरडत पायऱ्या उतरले. “अक्कल हाय का, मावशी?”

सत्यभामा शालीसकट मधी उभी राहिली. रागानं तिचा आवाज चिरकला.

“शिवू नका एकालाबी! हाक माझी हाय, शब्द तुमचा. आज दोन्हीतलं एकबी खोटं होऊ देणार न्हाई.”

सुंदररावांचा हाकलायला उचललेला हात तसाच वर राहिला. पाहुणे पायऱ्यांवर मोबाइल धरून उभे. मेंढरं पीत राहिली. हौदाचा तळ दिसू लागला, नळातून नुसती हवा खरखरली.

दगडी पृथ्वी एकदा डगमगली, आणि थांबली.