थाप

कोरियातल्या गुन्सानमधलं जुनं सार्वजनिक न्हाणीघर आता चर्च होणार होतं. लाउडस्पीकर कुठे कसे बसवायचे ते ठरवायला आलेली योंग-रान रिकाम्या हौदात उतरली, आणि दालन किती घुमतं ते पाहायला तिने एक टाळी वाजवली.

परत आल्या दोन. लागोपाठ, मऊ, ओलसर.

या थापा तिच्या ओळखीच्या होत्या. अंग घासून देणाऱ्या बाया गिऱ्हाइकाच्या पाठीवर अशाच दोन थापा मारतात. म्हणजे, आता कूस बदला. तिच्या आईने इथेच वीस वर्षं लोकांची अंगं घासली होती. मैत्रिणींबरोबर आंघोळीला आलं की योंग-रान तिला ओळख दाखवत नसे. आईला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

"भलतंच घुमतंय हो!" हौदाच्या काठावर उभे असलेले पास्टर मून हसले. "माझं प्रवचन दोन-दोनदा ऐकावं लागलं तर माणसं पळून जातील. बरं, इंजिनियरबाई, शेजारच्या आजी म्हणत होत्या, तुमच्या आई इथे कामाला होत्या?"

"छे! माझी आई नव्हे. दुसरं कुणीतरी असेल."

मान खाली घालून तिने पुन्हा टाळी वाजवली. आवाजच झाला नाही. आणखी जोरात वाजवली. तळवे झणझणले, पण आवाज नाही. पास्टरांनी सहज एक वाजवली, ती दालनभर घुमली.

शरमेने तिचे कान तापले. "आई," तिने हाक मारली. "आई गं, चुकले मी."

पास्टर तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिले.

"काय म्हणालात, बाई? ऐकूच नाही आलं."